नळावरची बादली

११ फेब्रुवारी

ताई,

आधी हे वाच, राग मग काढ. दोन वर्षं तू लिहिलं नाहीस म्हणून मीही हट्टाने लिहिलं नाही. तुझा जुना नंबर लागत नाही. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर वाकडं आलं असेल तर चालवून घे.

आज दुपारी मी एका इमारतीच्या जिन्यावरून पळालो. उतरलो नाही, पळालो. हत्यारांची पिशवी तिथेच टाकली, लिफ्टचं दार तसंच उघडं सोडलं आणि रस्त्यावर एका फळवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळलो. तो ओरडला, "काय रे, भूत पाहिलंस का?" मी हो म्हणालो.

मी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहे हे तुला माहीत आहे. तेव्हा उस्तादांच्या हाताखाली होतो, आता कायम झालोय. आज एका जुन्या इमारतीतून फोन आला की तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट बंद पडलीय आणि आत कोणीतरी आहे. अशा वेळी हत्यार काढण्याआधी आतल्या माणसाशी बोलायचं, ही उस्तादांची शिकवण. घाबरलेला माणूस दाराशी झटापट करतो आणि हात गमावून बसतो.

"आत किती जण आहात?" मी विचारलं.

"मी एकटीच. आणि अर्धं सफरचंद." बाईचा आवाज, तरुण.

"गुदमरतंय का?"

"नाही हो. कंटाळा येतोय. तुम्ही सावकाश करा, पण जरा लवकर."

मला हसू आलं. तेवढ्यात वरून कोणीतरी धापा टाकत जिना उतरलं आणि चौथ्या मजल्याच्या दारावर चपलेने दणादणा मारायला लागलं.

"गुंडी! अगं गुंडी, घाबरू नकोस गं! आलाय माणूस!"

ताई, गुंडी.

मी स्वतःला समजावलं, असतील चार घरांत चार गुंड्या. मशीनच्या खोलीत गेलो, मेन बंद केला, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवलं आणि लिफ्ट मजल्याला लावली. हातांना काम पाठ आहे, ते माझ्यासाठी थांबत नाहीत. मग खाली येऊन किल्लीने दार उघडलं.

आतून तू बाहेर आलीस.

मला वेड लागलेलं नाही. तू मला सोडून परदेशी गेलीस त्या दिवशी बसच्या खिडकीत जो चेहरा होता, अगदी तो. तीच पुढच्या दातांमधली फट, तेच जाड केस, हसताना एका बाजूला जाणारं तेच तोंड. तिच्या मागे हातात चप्पल घेतलेली एक म्हातारी, जाड भिंगांचा चष्मा. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "किती काळे झाले रे हात! चल, घरात येऊन धू."

मी हात सोडवला आणि पळालो.

आई मेली आहे, ताई. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात गुंडीला कडेवर घेऊन पाणी भरायला गेली, नळाच्या रांगेवर गोळा पडला आणि दोघी गेल्या. बादली घरंगळत कोपऱ्यापर्यंत आली होती. तो आवाज मला अजून झोपेत येतो. हे सगळं मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसरं काहीच ठाऊक नाही.

आणि गंमत बघ. दर रविवारी मी चर्चमध्ये मंडळीबरोबर उभा राहतो आणि मेलेले पुन्हा उठतील यावर माझा विश्वास आहे असं मोठ्याने म्हणतो. मनापासून म्हणतो. आज एक उठून समोर आली आणि हात धू म्हणाली, तर मी जिन्यावरून पळालो.

तू बारा वर्षांची होतीस, मी सहाचा. तुला जास्त आठवत असणार. त्या म्हातारीच्या डाव्या भुवईत एक तुटकी रेघ आहे, तिथे केस नाहीत. आईला होती का तशी? बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं लिही.

तुझा घुबड्या

१५ फेब्रुवारी

ताई,

माझं पहिलं पत्र अजून वाटेत असेल, पण मला थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी विचारलं, "पिशवी कुठाय?" मी सांगितलं, विसरलो. ते म्हणाले, "माणूस डबा विसरतो, छत्री विसरतो. पिशवी टाकून पळतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं. बोल." मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फक्त टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

उस्तादांबद्दल तुझं मत चांगलं नाही, मला माहीत आहे. तुला वाटतं त्यांनी मला फितवलं. तू लिहिलं होतंस, "आपल्यावर गोळे टाकणाऱ्यांच्या ट्रकवर क्रूस रंगवलेला होता, त्यांच्यात जाऊन बसलास." ताई, तो क्रूस मी विसरलेलो नाही. पण तू गेल्यावर माझं काय चाललं होतं ते मी तुला कधीच कळवलं नाही. कुठल्याही कामावर मी टिकत नव्हतो. गोदामात, छापखान्यात, कुठेही. कोणी लोखंडी दार आपटलं की मी टेबलाखाली. मग लोक हसायचे, मग मी कोणाचं तरी नाक फोडायचो, मग घरी. दारू होतीच. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात उतरवलं तेव्हा स्वतः आधी उतरले. उतरण्यापूर्वी डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मी म्हणालो, "देवावर एवढा भरवसा, तर मेन स्विच बंद कशाला केलात?" ते म्हणाले, "देवाने अक्कल दिलीय ती वापरायला. भरवसा अक्कल संपते तिथून पुढे." वर कुठेतरी दार आपटलं, मी खाली बसलो, कान झाकले. ते हसले नाहीत. तेही शेजारी बसले, त्या ग्रीसमध्ये, मी उठेपर्यंत.

त्यांच्याबरोबर प्रार्थनेला गेलो तो आधी थंडीसाठी गेलो. आत शेगडी असायची आणि कोणी काही विचारायचं नाही. एका रविवारी तिथले पाळक बायबलमधून वाचत होते, की त्याला शिपायांनी पकडलं, गावाबाहेर नेलं, मारलं आणि त्याची आई तिथे उभी राहून बघत होती. मला वाटलं, अरे, याला माहीत आहे. बाकी सगळे देव वर कुठेतरी बसलेले, आणि हा आपल्या गल्लीतला. बस, इतकंच झालं. त्यानंतर वर्षाने मी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दारू नाही, आणि काम तेच एक.

तर काल उस्ताद माझ्याबरोबर त्या इमारतीत आले. दार त्या मुलीनेच उघडलं. ती बालवाडीत शिकवते.

"अहो, पळालात काय?" ती म्हणाली. "उंदीर दिसला का? आमच्या जिन्यात आहेत, पण पाळलेल्यासारखे आहेत."

म्हातारी टेबलाशी मटार सोलत होती. पिशवी कोपऱ्यात नीट ठेवलेली, पान्यांवरचं तेलसुद्धा पुसलेलं. मी एक वाक्य ठरवून गेलो होतो. ते काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी मी भलतंच विचारलं.

"यांना गुंडी का म्हणता?"

"लहानपणी बटण गिळलं होतं तिने," म्हातारी मटारांकडे बघतच म्हणाली. "दोन दिवस नुसती वाट बघायची. तिच्या भावाच्या सदऱ्याचं बटण होतं."

"निळं," मी म्हणालो.

"निळं कुठलं, तपकिरी. निळा सदरा तर मोठीच्या फ्रॉकमधून…"

आणि तिचा हात थांबला.

ती उठली नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मटारांचं भांडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, जणू ते कोणी हिसकावून नेणार होतं.

"माझी मुलं मेली," ती म्हणाली. मला समजावून सांगावं तसं. "तळघरावर इमारत पडली. मला सांगितलं त्यांनी. कोणी वाचलं नाही."

"माझी आई मेली," मी म्हणालो. "नळावर."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, दोन मेलेली माणसं. गुंडी कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. उस्ताद भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात.

"घुबड्या?" ती म्हणाली. "रात्रभर डोळे उघडे ठेवणारा माझा घुबड्या?"

तो रात्रभर डोळे उघडे ठेवणारा मीच, ताई. मला रडू आलं नाही. तिलाही नाही. तिने माझा कान धरला आणि मागून बघितला, तिथली जुनी खूण आहे का ते. भाजीवाल्याकडे वांगं तपासावं तसं. मग तिने विचारलं, "ती कुठाय?"

पहिला प्रश्न तुझा होता. माझा नाही.

मी सांगितलं, ताई परदेशात आहे, कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे, धडधाकट आहे. तेव्हा मात्र तिने भांडं सोडलं आणि मटार सगळ्या खोलीभर झाले. उस्ताद आणि गुंडी गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होते, आणि आई हसत होती का ओरडत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

१६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पुन्हा गेलो होतो. आता फक्त एवढंच विचारतो.

आई म्हणते, ती नळावर गेलीच नव्हती.

गुंडीला ताप होता, श्वास अडकत होता. तान्ह्या आजारी मुलांना इस्पितळात नेणारा ट्रक चौकात आला होता, त्यात आई आणि तान्हं मूल एवढीच माणसं घेत होते. आई म्हणते, तू तिथे उभी होतीस, माझा हात धरून. तिने तुला सांगितलं, "मी येते परत, तोवर याला सोडू नकोस." ट्रक पूल ओलांडून गेला आणि त्याच रात्री पूल पडला. मी तिथे होतो, ताई. मी माझ्या पायांवर उभा होतो आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवतो तो नळ. मला आठवते ती बादली.

मग बादली कोणाची?

मी काल रात्री उताणा पडून आठवत राहिलो आणि एक बस आठवली. पांढरी. दाराशी एक बाई उभी होती, डोक्याला रुमाल, तिच्या मागे पावाचा वास. ती मुलांना विचारत होती, आई-बाप आहेत का. आणि तू माझ्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतंस की दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे होते. "म्हण," तू म्हणत होतीस. "रडायचं ते नंतर. आधी म्हण. आई नळावर गेली होती, गोळा पडला, बादली घरंगळत आली. म्हण."

मी म्हटलं. मग मी ते इतक्यांदा म्हटलं की मला ते दिसायला लागलं.

तू सांगू शकली असतीस. बसमध्ये नाही, ठीक. अनाथाश्रमातही नाही, ठीक. पण मी सतरा वर्षांचा असताना? तू जाताना? बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात मंडळीत मृतांसाठी प्रार्थना होती, मी आईचं नाव दिलं आणि तुला कळवलं, तेव्हा तू लिहिलंस, "आईचं नाव तिथे घेऊ नकोस." आणि मग गप्प झालीस. मला वाटलं, क्रूसामुळे. मी दोन वर्षं तुझ्यासाठी प्रार्थना केली, की देवा, तिचा माझ्या देवावरचा राग जाऊ दे!

मी मंडळीसमोर उभा राहून साक्ष दिली आहे, ताई. माझ्या आईचं मरण सगळ्यांना सांगितलं आहे. बादलीसकट. बायका रडल्या होत्या.

सही करत नाही. कुठलं नाव लिहू ते कळत नाही.

८ मार्च

ताई,

मागचं पत्र मी टाकायला नको होतं. टाकलं. आता हेही वाच.

ते पत्र टाकल्यावरच्या रविवारी मी उपासनेला गेलो पण प्रभुभोजन घेतलं नाही. भाकर माझ्यापर्यंत आली आणि मी ताट पुढे सरकवलं. नंतर पाळक माझ्याशेजारी येऊन बसले. ते पूर्वी न्हावी होते, अजूनही बोलताना समोरच्याचं डोकं निरखतात.

"कोणाशी वाकडं आलंय?" त्यांनी विचारलं.

"बहिणीशी."

"मग आधी तिकडे बघ. हे टेबल कुठे पळून जात नाही."

मी म्हणालो, ती समुद्रापलीकडे आहे. ते म्हणाले, "राग तर इथेच आहे ना? त्याच्यापासून सुरुवात कर." न्हाव्यासारखी मान जरा वाकडी करून बघत राहिले.

उस्ताद मात्र इतके गोड नव्हते. आम्ही एका कचेरीच्या मशीनच्या खोलीत दोर तपासत होतो. मी तुझ्याबद्दल बोलत होतो, बोलतच होतो. त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"तुझी बहीण तेव्हा बारा वर्षांची होती," ते म्हणाले. "तू आता बत्तिशीचा घोडा आहेस. कोण कोणावर ओरडतंय ते जरा बघ. ती बस फक्त अनाथांना नेत होती ना?"

"हो."

"आणि जी मुलं म्हणाली की आई येणार आहे, त्यांचं काय झालं?"

मी टॉर्चसमोरून तोंड फिरवलं, ताई. कारण मला ते माहीत आहे आणि तुलाही. ती शाळेच्या पटांगणात थांबली. आपल्या खालच्या मजल्यावरची जुळी थांबली होती. त्यांची आई खरंच येणार होती. आपण अनाथाश्रमात गरम पाणी पीत होतो तेव्हा त्या पटांगणात कोणीच उरलं नाही अशी बातमी आली होती, आणि तू मला कान धरून दुसऱ्या खोलीत नेलं होतंस. मला वाटलं होतं, मी काहीतरी खोडी केली.

तुझ्या खोट्यामुळे मी जगलो. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि खुर्चीवरून उठून खोलीत फिरून आलो. अजून बसत नाही ते अंगाला. त्याच खोट्यामुळे आई आपल्याला शोधू शकली नाही. तळघराचं कळेपर्यंत ती हरवलेल्या मुलांत शोधत होती आणि आपण अनाथांत होतो. दोन्ही खरं आहे. मी एकाला धरलं की दुसरं निसटतं.

मी आईला विचारलं, तुला ताईचा राग नाही आला? ती इस्त्री करत होती.

"तिने बरोबर केलं," ती म्हणाली. "मला तिच्या वयात इतकं सुचलं नसतं."

"पण आई…"

"पण काय? मी एकीला उचललं आणि दोघांना चौकात ठेवलं. मी ट्रकमधून बघत होते. तू नाक ओढत होतास. ती मात्र माझ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं. मी निवड केली हे तिला तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं मी देवाशी बोलत नाही, ते त्या नजरेमुळे." मग तिने माझा शर्ट उलटा केला. "तू बोलतोस म्हणे रोज त्याच्याशी. माझं काही सांगू नकोस. माझं मी बघीन."

मी म्हणालो, "सांगून झालंय."

"चोंबडा," ती म्हणाली.

आता आजचं. आज मी मंडळीसमोर उभा राहिलो. पाळकांना आधी सांगितलं होतं. मी म्हणालो, "मी तुम्हांला माझ्या आईच्या मरणाची साक्ष दिली होती. ती खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण खोटी होती. माझी आई नळावर गेलीच नव्हती. ती इथून चार बस थांब्यांवर राहते आणि काल माझ्या शर्टाची बटणं तिने बदलली."

इतकी शांतता की शेगडीतला कोळसा बसलेला ऐकू आला. कोणी हल्लेलुया म्हटलं नाही. सगळे असे बघत होते की मी त्यांच्याच अंगावर काहीतरी टाकलंय. पुढच्या बाकावरची शिवणकाम करणारी आजी, जी तेव्हा सगळ्यांत जास्त रडली होती, ती चक्क रागावली. "म्हणजे मी फुकट रडले?" ती म्हणाली.

आणि उस्ताद हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. एवढा मोठा माणूस बाकाला धरून हसत होता आणि डोळ्यांतून धारा. मग पाळक हसले, मग सगळे. मग ती आजी पण. मी एकटाच उभा, आणि मला त्या दिवसापासून जे येत नव्हतं ते रडू आलं, भर मंडळीत, लहान मुलासारखं, आवाज काढून.

त्यानंतर मी भाकर घेतली. तुला हे कळवायचं होतं. माझ्या बाजूने वाकडं राहिलेलं नाही.

तुझा घुबड्या

२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. तीन ओळी, पण आलं. "भुवईत रेघ होती. बसच्या बाईला जे सांगितलं त्याचं मला काही वाटत नाही, तुला खरं सांगितलं नाही त्याचं वाटतं. तिला माझा पत्ता देऊ नकोस."

मी ते आईला वाचून दाखवलं. लपवायचं नाही असं मी आता ठरवलंय, फार झालं. गुंडी म्हणाली, "इतकं लांब पत्र लिहायला ताईला दोन महिने लागले?" तिला तू आवडायला लागली आहेस. ती आरशासमोर उभी राहून विचारते की ताई पण अशीच दिसते का, आणि मी म्हणतो, तिला तोंड आवरता येतं एवढाच फरक.

जेवण झालं, आईने ताटं उचलली. मग ती म्हणाली, "पत्ता काय?"

"आई, तिने देऊ नको म्हटलंय."

"मग देऊ नकोस. दिलेला शब्द पाळावा माणसाने. पाकीट टेबलावर ठेव आणि हात धुवायला जा."

मी गेलो. खूप वेळ हात धुतले. साबण संपत आला.

आता घाबरू नकोस, आणि रागावलीस तर माझ्यावर रागाव. हे जलद टपालाने पाठवतोय, त्यांच्या आधी पोचावं म्हणून. गुंडीने बालवाडीतून रजा काढली आहे. कागदपत्रं झाली आहेत. जी बाई पोस्टापर्यंत जायचं तर दोनदा बसते, ती रेल्वेने, मग बोटीने, मग पुन्हा रेल्वेने निघाली आहे. मी म्हटलं, आधी पत्र तरी टाकू, ताईला तयारीला वेळ मिळेल. ती म्हणाली, "तयारी करून ती दाराला कुलूप लावील. मी ओळखते तिला." मी म्हटलं, बारा वर्षांची असताना ओळखत होतीस. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची बॅग उचलली.

मी येत नाहीये. रजा मिळाली असती, उस्तादांनी स्वतःहून विचारलं. पण मला वाटतं, तिथे माझं काम नाही. चौकात तुम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं होतं, मी नुसता नाक ओढत होतो.

स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मी तिला म्हणालो, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. नेहमीप्रमाणे ती वैतागेल असं वाटलं. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझी कॉलर नीट केली.

"कर," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, मी पोचेपर्यंत तिला घरात ठेव. पुढचं मी बघते."

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा काही बोलली, तेही माझ्यामार्फत, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. मी प्लॅटफॉर्मवर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो आणि निरोप जसाच्या तसा पोचवला.

ताई, बेल वाजली की दार उघड. काय बोलायचं ते आधी ठरवू नकोस. मी ठरवून गेलो होतो, काही उपयोग झाला नाही.

तुझा,
घुबड्या